नवमीचं दुसरं पान

गौरी-गणपती गेले की आमच्या मळ्यावरचे आवाज अचानक कमी होतात. बांधावरचा तरवड पिवळा होतो. न्हाणीच्या सांडपाण्यावर वाढलेलं अळू कमरेला लागतं. ऊस माणसाच्या वर गेलेला असतो, आणि त्यात वारा शिरला की बाहेर उभं राहणाऱ्याला वाटतं, आत कोणीतरी हळू आवाजात बोलतंय. बारामतीच्या बाजारात कापडाची दुकानं ओस पडतात. गाड्यांच्या शोरूममधली मुलं दारात उभी राहून मोबाईल बघत असतात. या दिवसांत कोणी नवीन काही घेत नाही. गर्दी असते ती भाजीवाल्यांकडे. गवार, भेंडी, कारली, तांबडा भोपळा, आणि गुंडाळी करून उभी ठेवलेली केळीची पानं.

शहरात याला पितृपक्ष म्हणतात. आमच्याकडे म्हाळ. आज या घरी, उद्या त्या घरी, भावकी आणि पाहुणे गेलेल्या माणसाच्या नावानं जेवायला जातात. शाळेत असताना मला हे सांगता यायचं नाही. शाळा इंग्रजी माध्यमाची. सुट्टीच्या अर्जात मी फॅमिली फंक्शन असं लिहायचे. मिसनी एकदा वर्गात विचारलं, कसलं फंक्शन? मी म्हटलं, लंच. सगळे हसले. तेव्हापासून या पंधरवड्याबद्दल मी घराबाहेर कुठे बोललेले नाही. आता लिहितेय, कारण लिहिताना कोणी समोर नसतं.

या वर्षी नवमीच्या आधी आई केळीची पानं पुसत बसली होती. नवमीला, नवरा हयात असताना गेलेल्या बायकांचं पान वाढतात. अविधवा नवमी म्हणतात तिला. आमच्या घरी माझ्या आजीचं पान असतं. मी कॉलेजात असताना आजी गेली, आबा अजून आहेत. तर आईनं मान वर न करता विचारलं, "एक काढू का दोन?"

अंगणात गवार निवडणारी जिजी थांबली. बाजेवर बसलेले आबा आधीच काही करत नव्हते, तरी तेही थांबल्यासारखे वाटले.  आईनं पानं तशीच ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली.

आबा म्हणजे माझे आजोबा. जिजी त्यांची धाकटी बहीण, माझ्या पप्पांची आत्या. मला समजायला लागल्यापासून जिजी आमच्याच घरात आहे. लहानपणी मला वाटायचं, प्रत्येक घरात एक जिजी असते. कपाळावर कुंकू, गळ्यात मंगळसूत्र, हातात हिरवा चुडा, आणि नवरा कुठेच नाही. याचं मला कधी नवल वाटलं नाही. सूर्य पूर्वेला उगवतो तसंच ते होतं. शाळेत फॅमिली ट्री काढायला सांगितलं तेव्हा जिजीला कुठल्या फांदीवर बसवायचं ते मला कळेना. मी तिला झाडाच्या बुंध्याशी उभं केलं. मिसनी विचारलं, ही कोण? मी म्हटलं, आंट. आत्या, मावशी, काकू, मामी, सगळ्यांना तो एक शब्द पुरत होता, तेव्हा तो जिजीलाही पुरला.

खरं झाड मी फार उशिरा काढलं. ते मागचंच वर्ष, आणि ते मला पुन्हा पुन्हा आठवतं.

मी पुण्याच्या ऑफिसचं काम घरून करत होते. माडीवरच्या खोलीत दिवसभर कानाला हेडफोन, खाली म्हाळाच्या तयारीची भांडी वाजत असायची. गावात तेव्हा प्रत्येक घर जातीच्या दाखल्याच्या मागे लागलेलं होतं. पप्पांनाही तहसीलला वंशावळ द्यायची होती. तुला कॉम्प्युटर येतो म्हणून त्यांनी ते काम माझ्यावर टाकलं. मी चौकोन केले, रेघा ओढल्या. खापरपणजोबा, पणजोबा, आबा, पप्पा, माझा भाऊ. कागद अगदी नीट दिसत होता. मी विचारलं, बायका कुठं लिहायच्या? पप्पा म्हणाले, यात बायका नसतात.

बाजेवरून आबा म्हणाले, "मग ह्या रेघा कशानं जोडल्या म्हनं?"

मी हसले. पप्पा नाही हसले, त्यांना कचेरी बंद व्हायच्या आत जायचं होतं. ते गेल्यावर मी माझ्यापुरता दुसरा कागद घेतला. म्हटलं, यात सगळ्यांना घेऊ. पणजीचं नाव आबांनी लगेच सांगितलं, तिचं माहेर सांगितलं, तिच्या बहिणी कुठे कुठे दिल्या तेही सांगितलं. मग मी विचारलं, "आणि तुमच्या बायकोचं? म्हणजे आजीचं माहेरचं नाव काय होतं?"

आबा म्हणाले, "कंची?"

त्यांनी ते फार साधेपणानं विचारलं. कुठली, एवढंच. मग त्यांच्याच लक्षात आलं की समोर मी आहे. त्यांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली, आणि पाण्याची पाळी बघायला म्हणून उसाकडे निघून गेले. त्या दिवशी पाळी आमची नव्हती.

पुढचं मला जिजीनं सांगितलं, आणि तेही एका बैठकीत नाही. अळूचे देठ सोलताना थोडं, माझ्या डोक्याला तेल लावताना थोडं.

आमचं घर आणि बावड्याचं एक घर यांच्यात साटंलोटं झालं होतं. म्हणजे त्यांची मुलगी आमच्याकडे आणि आमची त्यांच्याकडे. बावड्याची कौसल्या आबांना दिली, आणि कौसल्येच्या भावाला आमची जिजी. एकाच मांडवात, एकाच मुहूर्तावर. जिजी सांगायची, दोन्ही घरचे वरबाप आणि दोन्ही घरचे वधूबाप, त्यामुळे मानाच्या पंगतीत कोणी कोणाला आधी वाढायचं यावरच आमटी निवली.

कौसल्येचा भाऊ वालचंदनगरला कारखान्यात हंगामी कामाला होता. लग्नानंतरचा गळिताचा हंगाम जिजीनं तिथल्या क्वार्टरमध्ये काढला. एक खोली, पण तिच्यात विजेचा दिवा. दाराजवळ नळ. भोंगा झाला की नवरा यायचा आणि दुसरा भोंगा झाला की जायचा. सगळ्या वसाहतीला मळीचा आंबूस, गोड वास. पहिल्यांदा तिला त्या वासानं मळमळलं, मग तो वास आला नाही तर चुकल्यासारखं व्हायला लागलं. नवरा फार बोलायचा नाही. एकदा त्यानं रुमालात बांधून गरम साखर आणली होती, अजून दाणा नीट न धरलेली. ती कशी लागली हे सांगताना जिजी अजूनही ओठ पुसते.

पुढच्या पावसाळ्यात कौसल्या पहिल्या बाळंतपणाला बावड्याला माहेरी गेली. श्रावणात आबा मुराळी म्हणून जाऊन जिजीला पंचमीला घेऊन आले. म्हणजे दोन्ही घरच्या मुली आपापल्या माहेरी. भाद्रपदात कौसल्येला मुलगा झाला आणि तो वाचला नाही.

ही बातमी आमच्याकडे निमगावच्या एका पानवाल्या शेतकऱ्याकडून आली, बारामतीच्या बाजारात, दुसऱ्याच कुठल्या तरी बोलण्यात. माझ्या पणजोबांना ते लागलं. आपल्या घरचं बाळ गेलं आणि सांगायला माणूस धाडला नाही? तिकडे बावड्याचे लोक वाट बघत राहिले. बाळ गेलं आणि बघायला कोणी आलं नाही? तेवढ्यात पंधरवडा लागला. पंधरवड्यात लेकीची पाठवणी करत नाहीत आणि सुनेला आणतही नाहीत. दोन्ही घरांत एकच वाक्य बोललं गेलं असणार, पंधरवडा सरू द्या, मग बघू.

पंधरवडा सरला. घट बसले, दसरा झाला. जिजीची ट्रंक भरून दाराशी होती. न्यायला कोणी आलं नाही. आमच्याकडूनही कोणी गेलं नाही.

मी हे ऐकल्यावर भांडण शोधायला लागले. मला वाटलं, दोन घरं अशी तुटतात म्हणजे काहीतरी मोठं झालं असणार. पप्पा म्हणाले, जमिनीचं काहीतरी होतं. मुंबईच्या काकू फोनवर म्हणाल्या, दागिन्यांवरून झालं. चुलत आजोबांच्या मते तिकडच्या कोणीतरी पणजोबांच्या पागोट्यावरून शब्द काढला होता. ज्यांचा या गोष्टीशी काही संबंध नव्हता त्या सगळ्यांकडे कारण होतं. मी शेवटी जिजीला विचारलं, भांडण नक्की कशावरून झालं?

जिजी गवारीच्या शिरा काढत होती. ती म्हणाली, "भांडन झालंच न्हाय गं. भांडन झालं असतं तर कुनीतरी मिटवाया आलं असतं."

मला ते कळायला वेळ लागला. इतर लग्नांत मुलीकडचे नमतात. चार माणसं घेऊन जातात, हात जोडतात, लेक नांदायला सोडून येतात. चांगलं असो वाईट असो, कोणीतरी आधी उठतं. इथे दोन्ही घरं मुलीकडची होती आणि दोन्ही मुलाकडची. दोघांनाही वाटत होतं, आधी त्यांनी यायचं. आणि दोघांचंही बरोबर होतं. मग वर्षं गेली. आबांचं दुसरं लग्न झालं, माझी आजी आली. बावड्याला जिजीच्या नवऱ्याचंही दुसरं लग्न झालं, त्याला मुलगा झाला, ते दत्ताकाका. कौसल्या बावड्याला भावाच्या घरात राहिली, जिजी आमच्या मळ्यावर भावाच्या घरात. कुणाचीही फारकत झाली नाही. दोन बायका, दोन ट्रंका, आणि दोन्हीकडे दारातून रस्ता दिसत होता.

त्या कागदावर मी कौसल्येसाठी एक चौकोन केला, पण ती माझी कोण? सावत्र आजी म्हणावं तर ती आधीची. जिजी म्हणाली, थोरली आजी म्हन. मी लिहिलं. मग बराच वेळ नुसती बघत बसले. आबांच्या चौकोनातून एक रेघ थोरल्या आजीकडे जात होती आणि तिथेच थांबत होती. दुसरी रेघ माझ्या आजीकडे, तिथून पप्पा, तिथून मी. त्या दसऱ्याला कोणी बैलगाडी जुंपली असती तर पहिली रेघ वाढत गेली असती, आणि दुसरी उमटलीच नसती. या गोष्टीची मला हळहळ वाटते, पण पूर्ण हळहळायची मला सोय नाही. माझं असणं त्या न जुंपलेल्या गाडीवर उभं आहे.

त्याच पंधरवड्यात बावड्याहून फोन आला. जिजीचा नवरा आदल्या साली गेला होता. ती बातमीही फोनवरच आली होती.  तेव्हा जिजीनं अंघोळीला पाणी तापवायला सांगितलं, आणि न्हाणीतून बाहेर आली तेव्हा तिच्या हातात चुडा नव्हता. थांबवावं की न थांबवावं, हे आमच्यापैकी कोणालाच कळलं नाही. आता त्याचा पहिला म्हाळ होता. दत्ताकाकांनी पप्पांना सांगितलं, सगळे या, थोरल्या आईला घेऊन या. जिजीला ते थोरली आई म्हणतात हे मला तेव्हा कळलं. त्यांनी तिला पाहिलंही नव्हतं.

जिजी म्हणाली, "फोनवर कुनी नांदाया जातं व्हय?"

पप्पा वैतागले. "आता नांदायला कुठं चाललीस जिजी? जेवायला बोलावलंय."

"जेवाया तर जेवाया. न्याया मानूस नको?"

आबा म्हणाले, "मी येतो घालवाया."

जिजीनं त्यांच्याकडे बघितलं. "तवा आला असतास, दादा," ती म्हणाली. त्या घरात इतकी वर्षं एकत्र राहून तिनं त्यांना दिलेला तो एवढाच टोला. आबांनी तो घेतला. बाजेची सैल झालेली दोरी ओढत बसले.

मी कोणाला फोन करणारी मुलगी नाही. गॅसची टाकी सांगायची तरी आधी मनात वाक्य जुळवते. त्या दुपारी माडीवर जाऊन मी पप्पांच्या मोबाईलमधून घेतलेला नंबर लावला आणि दत्ताकाकांना सांगितलं, मी कोण ते, आणि जिजीला न्यायला कोणीतरी आलं तर बरं होईल.  मग ते हसले. "एवढंच व्हय? येतो की. आदी न्हाय का सांगायचं."

फोन ठेवल्यावर मला आनंद व्हायला हवा होता. मला नुसतं बसावंसं वाटलं. इतकं सोपं होतं ते.

म्हाळाच्या दिवशी सकाळी दत्ताकाका पांढरी गाडी घेऊन आले. पन्नाशीचे, अंगानं जाड, खांद्यावर टॉवेल. जिजी पहाटेपासून तयार होती. नऊवारीचा काष्टा घालून, पिशवी मांडीवर घेऊन ती आतल्या खोलीत बसलेली. काका आले तशी ती उठली आणि चुलीकडे गेली. चहा केला. त्यांनी घेतला. तिनं पुन्हा चहा ठेवला. आई हळूच म्हणाली, जिजी, ते खोळंबलेत. जिजी आधणात साखर टाकत म्हणाली, "थांबू दे जरा. मीबी थांबले."

निघताना माझं लक्ष आबांकडे गेलं. त्यांनी ठेवणीतलं धोतर नेसलं होतं. दाढी केलेली. हातात काठी घेऊन ते गाडीच्या जवळपास, पण गाडीजवळ नाही, असे उभे होते. दत्ताकाका म्हणाले, "आबा, बसा की तुमीबी."

"पंधरवड्यात सासुरवाडीला जात न्हाईत," आबा म्हणाले. "सरू दे. मग येतो."

कोणी आग्रह केला नाही. मी जिजीबरोबर मागे बसले.

रस्ता ओळखीचा होता, पण जिजीच्या बाजूला बसून तो वेगळा दिसला. जंक्शन गावात वालचंदनगरचा फाटा आला तशी ती म्हणाली, काच खाली कर. मी केली. तिनं वास घेतला. ओल्या गवताचा वास होता, डिझेलचा होता. ती म्हणाली, हंगाम लागला न्हाय अजून, आणि काच वर करायला सांगितली. इंदापुरात हायवेच्या ट्रकांमध्ये आम्ही बराच वेळ अडकलो.  तिथून बावड्यापर्यंत तिचा हात पदरच सारखा करत होता.

बावड्याचं घर स्लॅबचं, पुढे फरशीचा ओटा. ओट्यावर माणसं. जिजीला बायकांनी आत नेलं. फोटोपुढे पान वाढलेलं होतं. फोटोत टक्कल पडलेला, चष्म्यातला एक म्हातारा. जिजी त्याच्याकडे बघत राहिली, आणि मला वाटलं, ती ओळख पटवतेय. रुमालातून साखर आणणारा माणूस त्या फोटोत कुठे आहे ते शोधतेय.

मागच्या दारी, लिंबाच्या सावलीत, खुर्चीवर एक बाई बसली होती. अंगानं इतकीशी. केस कापसासारखे. कपाळावर मोठं, लाल कुंकू. हातभर हिरव्या बांगड्या. मला कोणी सांगायची गरज पडली नाही. कौसल्या, माझी थोरली आजी.

त्या दोघी एकमेकींच्या नणंदा होत्या आणि एकमेकींच्या भावजयाही. दोघींनी एकमेकींना वन्सं म्हणून हाक मारली. मला वाटलं, आता त्या रडतील. थोरल्या आजीनं विचारलं, "गुडघं दुखत्यात का गं, वन्सं?" जिजी म्हणाली, "दुखत्यात. गोळी घेती सकाळची." मग गोळीचा रंग कुठला यावर बोलणं झालं. दोघींची गोळी एकच निघाली, आणि त्याचं दोघींना फार बरं वाटलं. हात हातात घेऊन त्या बसून राहिल्या. एक हात बांगड्यांचा, एक रिकामा.

मग थोरल्या आजीचं लक्ष माझ्याकडे गेलं. ही कुनाची, असं तिनं विचारलं. जिजी म्हणाली, "दादाची नात."

तिनं माझ्याकडे बघितलं, आणि मग माझ्या मागे, दाराकडे. दारात कोणी नव्हतं. तिनं माझं मनगट धरलं आणि अगदी खालच्या आवाजात विचारलं, "तू आलीयास व्हय मला न्याया?"

दत्ताकाका पाणी घेऊन येत होते, ते म्हणाले, आत्या आताशा असंच बोलती, मनाव घेऊ नको. पण तिचे डोळे नीट माझ्यावर होते.  माझ्याऐवजी जिजी बोलली. तिनं थोरल्या आजीचा हात थोपटला आणि म्हणाली, "पंधरवडा सरू दे, वन्सं. दादा येतोय."

थोरली आजी हसली. "व्हय," ती म्हणाली. "सरू दे."

घरी आल्यावर आबा बाजेवर तसेच बसले होते, धोतर न बदलता. त्यांनी विचारलं, बरी हाय का? मी म्हटलं, आहे. खूप वेळानं त्यांनी विचारलं, "कुकू लावती का?" मी म्हटलं, लावते. मोठं. त्यांनी मान हलवली. त्या दिवशी रात्रीचं ते जेवले नाहीत, दुपारचंच अंगावर आलंय म्हणाले. दुपारी त्यांनी काय खाल्लं होतं ते आईनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

जिजी मात्र त्याच संध्याकाळी बावड्याहून परत आली होती. तिला ठेवून घ्यायला सगळे तयार होते. ती म्हणाली, नेलं, जेवले, झालं. इतकंच हवं होतं म्हनं.

पंधरवडा सरला. आबांनी धोतर इस्त्रीला दिलं. मग दसऱ्याला पावसानं रस्ता खराब झाला. दिवाळीत पाहुणे आले. मग त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. मग उसाला तोड आली, फडात माणूस हवं म्हणून ते थांबले. फडात त्यांना कोणी काही विचारत नव्हतं. धोतर पुन्हा एकदा इस्त्री होऊन आलं. ऑफिसनं परत बोलावल्यावर मी शनिवारी पुण्याहून यायचे, तेव्हा मनात म्हणायचे, उद्या सांगू, आबा, चला, मी नेते. आणि आबा माझ्याकडे असं बघायचे की त्यांनाही वाटत असावं, ही विचारेल. आम्ही दोघंही एकाच घरातले. आमच्याशी कोणीतरी आधी बोलावं लागतं.

उन्हाळ्यात फोन आला. थोरली आजी आदल्या दिवशीच गेली होती, माती होऊन गेली होती. दत्ताकाका म्हणाले, कळवायचं का नाही, तुम्हाला काय वाटेल, यातच सकाळ गेली. पप्पांनी सांगितलं तेव्हा आबा अंगणात दात घासत होते. त्यांनी चूळ भरली. "पानी काढा अंघुळीचं," म्हणाले. जिजीनं स्वतः बंब पेटवला.

तर या वर्षी, आईनं एक का दोन विचारलं त्याच संध्याकाळी दत्ताकाकांचा फोन आला. नवमीला आत्याचं पान कुठं वाढायचं? रीतीनं नवऱ्याच्या घरी वाढतात. पण ती आमच्याकडे नांदली किती, आणि राहिली कुठे? मी जिन्यावर होते. पप्पांचं बोलणं मला ऐकू येत होतं. पप्पा फार अदबीनं म्हणत होते, "तुम्ही म्हणाल तसं." पलीकडूनही तेच आलं असावं, कारण पप्पा पुन्हा म्हणाले, "नाही नाही, तुम्ही म्हणाल तसं."

मी खाली आले आणि पप्पांच्या हातातून फोन घेतला. असं मी याआधी कधी केलेलं नाही. माझा आवाज मला ओळखू आला नाही. मी म्हटलं, "काका, पान आमच्याकडं. आम्ही न्यायला येतोय."

"काय न्याया?"

"थोरल्या आजीचा फोटो असेल ना एखादा?"

 "हाय," ते म्हणाले. "या."

नवमीच्या आदल्या सकाळी मी गाडीची किल्ली शोधत होते. बाहेर आले तर आबा पुढच्या सीटवर बसलेले. ठेवणीतलं धोतर, मांडीवर काठी. पप्पा दाराशी वाकून त्यांना समजावत होते, आबा, पंधरवडा चालू आहे, तुम्हीच म्हणता ना, या दिवसांत जात नाहीत.

आबा समोरच्या काचेतून बघत म्हणाले, "सरायची वाट बघू व्हय आता?"

बावड्याच्या ओट्यावर त्यांनी चप्पल काढली आणि उंबऱ्याबाहेर उभे राहिले. दत्ताकाका आत या म्हणाले, तरी ते आत गेले नाहीत. घरातल्या बायका पदर घेऊन दाराआड आल्या. इतक्या माणसांसमोर आबांना बोलायची सवय नाही. ही गोष्ट माझ्यात कुठून आली ते मला तेव्हा दिसलं. त्यांनी घसा साफ केला. "न्याया आलोय," म्हणाले. मग, बायकोचं नाव न घेणाऱ्या पिढीतला माणूस, खाली फरशीकडे बघत म्हणाला, "कौसल्येला."

फोटो कुठल्याशा लग्नातला होता, गर्दीतून मोठा करून घेतलेला. कडेला दुसऱ्या कोणाचा तरी खांदा आलेला. येताना आबांनी तो मांडीवर उभा धरला. सीटबेल्टचा आवाज व्हायला लागला तेव्हा मी वाकून पट्टा ओढला, आणि तो त्यांच्या छातीवरून, फोटोवरून घेऊन लावला. त्यांनी तो काढला नाही. जंक्शनला मी न विचारता काच खाली केली.

नवमीला आईनं दोन पानं मांडली. आजीचा फोटो नेहमीच्या जागी, देवघराच्या भिंतीला, आणि थोरल्या आजीचा तिच्या शेजारी. भात, आमटी, कढी, खीर, वडे, अळूची वडी, गवार. आबा काठी टेकत आले. दोन्ही पानांकडे बघितलं. मग वाकून, एका हातानं भिंत धरून, त्यांनी थोरल्या आजीचा फोटो उचलला आणि पहिल्या पानापाशी ठेवला. माझ्या आजीला दुसऱ्या.  जिनं मला कुशीत घेऊन झोपवलं, ती माझ्या डोळ्यांदेखत एक जागा सरकली होती. आईनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. माझी आजी असती तर तिनं स्वतःच ती जागा दिली असती का, मला माहीत नाही. तिलाही कधी कोणी विचारलं नव्हतं.

थोड्या वेळानं आईनं कावळ्याचा घास काढून स्लॅबवर ठेवायला ताट पुढे केलं. आबा तिथेच जमिनीवर बसले होते, जिजी त्यांच्याशेजारी, भिंतीला टेकून.

"घाई नको," आबा म्हणाले. "लांबनं आलीया."

आईनं ताट खाली ठेवलं. खिरीवर साय धरायला लागली होती. कोणीच उठलं नाही.